मदत हवी आहे: आईच्या मेंदूच्या ऑपरेशननंतर डोळा मिटत नाही

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईची अकूस्टिक न्यूरोमाची (कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या, ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवरची) गाठ काढली. गाठ कर्करोगाची नव्हती, सगळी निघाली, पण चेहऱ्याच्या नसेला चिकटलेली होती. आता चेहऱ्याची उजवी बाजू लुळी आहे. नस शाबूत आहे, सुधारायला काही महिने, कदाचित वर्षही लागेल, असं सर्जन म्हणतात.

सगळ्यात काळजी डोळ्याची आहे. झोपेतही पापणी अर्धी उघडी राहते. दिवसा थेंब, रात्री मलम घालून पट्टी लावतो, तरी पहाटेपर्यंत पट्टी सुटते आणि डोळा लालभडक. बुबुळाला जखम होईल ही धास्ती. घामातही टिकेल अशी पट्टी किंवा ओलावा धरणारा चष्मा कुणी वापरलाय का? पापणी तात्पुरती शिवून घेतलेलं कुणी आहे का?

दुसरं म्हणजे फिजिओथेरपिस्ट चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा हलका करंट द्यायचं म्हणतात. सर्जनचा नकार आहे: नस सुधारत असताना करंट दिला तर चुकीचे स्नायू एकत्र हलू लागतात म्हणे. मला सर्जनचं पटतंय, तरी तुमचा अनुभव सांगा. नाशिक-पुण्यात फक्त चेहऱ्याचे व्यायाम शिकवणारं कुणी आहे का?

चालताना तोल जातो, त्याचे व्यायाम चालू आहेत. पण चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतो, भात गालात अडकतो, म्हणून ती चारचौघांत जेवतच नाही. पाहुणे आले की ताट घेऊन आत जाते. यातून गेलेल्या कुणी ताई-काकू तिच्याशी फोनवर बोलतील का? मेसेज करा, प्लीज.