हाइन्केल १७७ ची आग: दोष इंजिनं जोडण्याचा, की ती कोंबून बसवण्याचा?

गिअरट्रेन (धागाकर्ता)

जोड-इंजिनाचं (दोन इंजिनं जोडून एकच प्रोपेलर फिरवणाऱ्या इंजिनाचं) नाव काढलं की हाइन्केल १७७ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बॉम्बरचा आणि त्यातल्या डाइमलर-बेंझच्या डीबी ६०६ चा दाखला येतो आणि ‘दोन इंजिनं एकत्र बांधली म्हणून विमानं पेटली’ एवढ्यावर विषय मिटवला जातो. हा निकाल मला मान्य नाही. इंजिन आणि ते ज्या घरात बसवलं ते घर, या दोन गोष्टी वेगळ्या तपासायला हव्यात.

आधी रचना. डीबी ६०१ हे उलट्या व्ही आकाराचं १२ सिलिंडरचं इंजिन. अशी दोन शेजारी शेजारी, एकमेकांकडे कलवून ठेवली की आतल्या दोन बँका (सिलिंडरच्या रांगा) जवळजवळ उभ्या होतात. पुढे एकच गिअरबॉक्स, दोन्ही क्रँकशाफ्ट त्यात येतात आणि एकच प्रोपेलर फिरवतात. सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारे पंप) बाहेरच्या बाजूला यायला हवेत म्हणून उजव्या इंजिनाचा सुपरचार्जर आरशातल्यासारखा उलटा केला. एकूण सुमारे ६७.८ लिटर, टेकऑफला २,७०० अश्वशक्तीच्या आसपास. १९३७ साली जर्मनीत एका क्रँककेसमधून एवढी ताकद देणारं इंजिन नव्हतं. युमो २२२ या मोठ्या जर्मन इंजिनाचं काम त्याच सुमारास सुरू झालं आणि युद्ध संपेपर्यंत ते नीट उत्पादनात आलंच नाही.

आता आग कशामुळे लागत होती ते बघा. नॅसेलमध्ये (पंखावरच्या इंजिनाच्या घरात) फायरवॉल, म्हणजे आग अडवणारी भिंत, नव्हती. इंजिन मेन स्परला (पंखाच्या मुख्य तुळईला) इतकं चिकटून बसवलं होतं की इंधनाच्या नळ्या, तेलाच्या नळ्या आणि वायरिंगला सरळ वाटच उरली नव्हती. जोडांमधून गळती व्हायची आणि तेल काउलिंगच्या (इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाच्या) तळाशी साचायचं. या सगळ्यात ‘दोन क्रँकशाफ्ट एका गिअरवर’ या कल्पनेचा दोष कुठे आहे? हेच डीबी ६०६ हाइन्केल ११९ या दुसऱ्या विमानात फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत, वैमानिकांच्या मागे बसवलं होतं आणि लांब शाफ्टने नाकावरचा प्रोपेलर फिरवत होतं. २२ नोव्हेंबर १९३७ ला त्याने १,००० किलो भार घेऊन १,००० किलोमीटर अंतर ताशी सुमारे ५०५ किलोमीटर वेगाने कापलं.

रिंगस्पॅनर

तुम्ही आगीची कारणं सांगितलीत, पण सगळ्यात मोठं कारण वगळलंत. डीबी ६०१ चे एक्झॉस्ट व्ही च्या बाहेरच्या बाजूंना निघतात. एकटं इंजिन असेल तर दोन्हीकडे मोकळी हवा, निखाऱ्यासारखे तापलेले स्टब (एक्झॉस्टच्या आखूड नळ्या) वाऱ्यात थंड होतात. दोन इंजिनं शेजारी ठेवली की आतल्या दोन बँकांचे एक्झॉस्ट एकमेकांसमोर येतात. म्हणजे १२ सिलिंडरचा जाळ एका मधल्या मॅनिफोल्डमध्ये (एक्झॉस्ट गोळा करणाऱ्या सामायिक नळीत), दोन इंजिनांच्या सांदीत, आणि त्याखाली साचलेलं तेल. ही भट्टी नॅसेल आखणाऱ्याने निर्माण केलेली नाही, दोन तयार इंजिनं शेजारी मांडण्याच्या निर्णयातूनच ती आली.

त्यात इंजेक्शन पंपाची भर. थ्रॉटल मागे घेतला की पंप गरजेपेक्षा जास्त इंधन देत राहायचा. न जळलेलं इंधन कुठे जाणार? त्याच मॅनिफोल्डमध्ये.

देखभालीचंही बघा. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एका डीबी ६०६ वर ४८. त्यातले २४ आतल्या बँकांचे. ज्या सांदीत हात पोचत नाही तिथली गळती मेकॅनिकला दिसतही नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये खुद्द जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने याच मुद्द्यावर चिडून ही ‘एकत्र वेल्ड केलेली इंजिनं’ असल्याचं म्हटलं होतं. त्या माणसाबद्दल काहीही मत असो, तक्रार रास्त होती.

आणि वजन. एकटं डीबी ६०१ साधारण ६०० किलोचं. जोडी दीड टनाची. दोन वेगळी इंजिनं घेतली असती तर त्यात त्यांचे गिअरबॉक्स धरूनही १,२०० च्या आसपास आकडा आला असता. वरचे ३०० किलो निव्वळ जोडण्याचे.

गिअरट्रेन

रिंगस्पॅनर, मॅनिफोल्डचा मुद्दा मान्य. पण तुमचा आक्षेप ‘तयार इंजिनं जशीच्या तशी शेजारी ठेवली’ यावर आहे, जोडण्यावर नाही. अ‍ॅलिसन या अमेरिकन कंपनीने १९३७ पासून हेच काम वेगळ्या पद्धतीने केलं. व्ही-३४२० मध्ये दोन व्ही-१७१० चे सिलिंडर ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट घेतले, पण क्रँककेस एकच ओतली. २४ सिलिंडर, ५६ लिटर, टेकऑफला २,६०० अश्वशक्ती आणि वजन १,२०० किलोच्या जवळपास, म्हणजे दोन सुट्या व्ही-१७१० पेक्षा जास्त नाही. तुमचे ३०० किलो इथे गायब होतात. सिलिंडर, पिस्टन, रॉड, व्हॉल्व्ह सगळं आधीच उत्पादनात असलेलं. नवीन काय, तर क्रँककेस, गिअर आणि जोडणीचे भाग. नवं २४ सिलिंडरचं इंजिन शून्यापासून उभं करण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी जवळचा.

उंचभरारी

व्ही-३४२० फक्त दीडशेच्या आसपास बनली. ती बसली या विमानांत: एक्सबी-१९ए, एक्सबी-३९, एक्सपी-५८, पी-७५. यातलं एकही विमान लढाईत उतरलं नाही. धुळीच्या धावपट्टीवर, रात्री टॉर्चच्या उजेडात, अर्धवट शिकलेल्या मेकॅनिकच्या हाताखाली ते इंजिन कधी गेलंच नाही. त्यामुळे ‘ते पेटलं नाही’ हा पुरावा फार तोकडा आहे.

क्रँकपिन

दोन्ही बाजूंनी एक्झॉस्ट आणि वजनावर बोलणं चाललंय. जोड-इंजिनाची खरी परीक्षा गिअरमध्ये आणि तेलात असते, म्हणून सविस्तर लिहितो.

चार स्ट्रोकच्या व्ही-१२ मध्ये क्रँकच्या दर ६० अंशांना एक पॉवर स्ट्रोक येतो. दोन क्रँक एकमेकांपासून ३० अंश सरकवून जोडले तर प्रोपेलरला दर ३० अंशांना धक्का मिळतो, म्हणजे टॉर्क (फिरवणारा जोर) जास्त गुळगुळीत. हा फायदा खरा आहे. पण तो प्रोपेलरपाशी. प्रत्येक क्रँकवर त्याचे स्वतःचे सहा धक्के एका फेरीला चालूच असतात आणि आता ते गिअरच्या दातांमधून दुसऱ्या क्रँककडेही पोचतात. दोन क्रँक, मधला गिअर आणि प्रोपेलर मिळून पिळाच्या कंपनांची एक नवी यंत्रणा तयार होते. तिच्या नैसर्गिक वारंवारता एकट्या इंजिनापेक्षा वेगळ्या असतात. एखादी क्रूझच्या आरपीएमवर येऊन बसली की दात खचतात किंवा शाफ्ट तुटतो. उपाय ठरलेले आहेत: गिअर आणि क्रँकमध्ये बारीक, लवचीक क्विल शाफ्ट, क्रँकवर लोलकाचे डॅम्पर, आणि मग टेस्ट बेडवर टॉर्शियोग्राफ (पिळाची कंपनं मोजणारं यंत्र) लावून प्रत्येक आरपीएमची नोंद. यात आडमार्ग नाही.

दुसरं, भाराची वाटणी. दोन्ही इंजिनं गिअरने बांधली की आरपीएम आपोआप सारखा राहतो, पण भार सारखा राहत नाही. एका इंजिनाचा बूस्ट (सुपरचार्जरने दिलेला हवेचा दाब) जरा कमी झाला किंवा पंप जरा जास्त इंधन देऊ लागला तर दुसरं जास्त ओढतं. कॉकपिटमधला आरपीएमचा काटा हे दाखवणार नाही, म्हणून प्रत्येक अर्ध्याचा बूस्ट आणि तापमान वेगळं दाखवावं लागतं. थ्रॉटल अगदी मागे घेतला की टॉर्क उलटसुलट होतो, दात एकदा पुढच्या आणि एकदा मागच्या बाजूवर आदळतात. आयडलवर बराच वेळ खडखडत ठेवलेलं जोड-इंजिन टेकऑफपेक्षा तिथेच जास्त झिजू शकतं.

आता तेल. ड्राय संप इंजिनात (ज्याचं तेल वेगळ्या टाकीत असतं) तेल परत ओढणारा पंप पुढे ढकलणाऱ्या पंपापेक्षा मोठा ठेवतात, म्हणजे संपमध्ये तेल साचत नाही. डीबी ६०६ च्या बसवणीत तो फारच मोठा होता. तो तेलाबरोबर हवाही ओढायचा. उंचीवर बाहेरचा दाब कमी, बुडबुडे फुगतात, टाकीत फेस होतो आणि तोच फेस पुन्हा बेअरिंगला जातो. रॉडच्या मोठ्या टोकाशी तेलाचा थर तुटला की बेअरिंग जळतं, रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो आणि वाटेत तेलाची टाकी फोडतो. ते तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं की पुढे काय होतं ते वर रिंगस्पॅनर यांनी लिहिलंच आहे.

पण यात जोडणीचा वाटा किती? एकटं डीबी ६०५ (डीबी ६०१ चा पुढचा अवतार) देखील मेसरश्मिट १०९जी या लढाऊ विमानात फेसाळ तेल आणि बेअरिंगच्या रोगाने आजारी होतं. पूर्ण १.४२ अटा (दाबाचं जर्मन एकक) बूस्टला बराच काळ मनाई होती आणि तेलातली हवा काढायला सेंट्रिफ्यूज बसवावा लागला. म्हणजे रोग मूळ इंजिनातच होता आणि जोडणीत तो दुप्पट झाला.

गिअरट्रेन

क्रँकपिन, हेच तर माझं म्हणणं. आणि न जोडलेली इंजिनंही पेटतात. अमेरिकेच्या बी-२९ बॉम्बरचं राइट आर-३३५० हे साधं १८ सिलिंडरचं रेडियल, त्याच्या क्रँककेसमध्ये मॅग्नेशियम. १८ फेब्रुवारी १९४३ ला सिॲटलमध्ये दुसरं एक्सबी-२९ (बी-२९ चा नमुना) इंजिनाच्या आगीने पडलं, चाचणी वैमानिक एडी अ‍ॅलन आणि त्यांचे सगळे सहकारी गेले. तरी कुणी ‘रेडियलची कल्पनाच चुकीची’ म्हटलं नाही. मागच्या रांगेचं कूलिंग, बॅफल, तेलाचा पुरवठा यावर वर्षभर खपून ते इंजिन रुळावर आणलं. डीबी ६०६ ला तोच न्याय का नाही?

रिंगस्पॅनर

न्याय दिलाच गेला की. १७७ए-३ या सुधारित आवृत्तीवर इंजिन माउंट २० सेंटिमीटर लांबवून इंजिनं पुढे नेली, तेलाची टाकी हलवली, एक्झॉस्ट पूर्ण नव्याने आखला. त्याचबरोबर इंजिनाच्या ताकदीवर मर्यादा घातली. हे शेवटचं वाक्य नीट वाचा. जास्त ताकद एका नॅसेलमधून मिळावी म्हणून जोडी केली, आणि ती टिकावी म्हणून ताकद कमी करावी लागली.

शिवाय संभाव्यतेचं गणित बघा. चार सुटी इंजिनं असोत की दोन जोड्या, बेअरिंग जळण्याची शक्यता चार इंजिनांचीच. फरक परिणामात. सुट्या इंजिनाला आग लागली तर पाव ताकद जाते. जोडीतल्या एका अर्ध्याला लागली तर शेजारचा अर्धा त्याच काउलिंगमध्ये असतो, दोन्ही बंद करावे लागतात. ३१ टनांचं विमान, आणि उरलेली सगळी ताकद एकाच बाजूला.

ब्रिटिशांनी काय केलं तेही समोर आहे. अ‍ॅव्रोच्या मँचेस्टर बॉम्बरमध्ये दोन रोल्स-रॉइस व्हल्चर इंजिनं होती, चार बँका एका क्रँकवर. रॉड आणि बेअरिंगने छळ मांडला. अ‍ॅव्रोने पंख वाढवून चार मर्लिन लावली आणि ९ जानेवारी १९४१ ला लँकेस्टरचा नमुना उडाला.

क्रँकपिन

रिंगस्पॅनर, व्हल्चर इथे चालणार नाही. ते जोड-इंजिन नव्हे. चार रॉड एका क्रँकपिनवर येतात, तिथे बोल्ट आणि बेअरिंगवर पडणारा ताण हा त्याचा खास रोग. जोड-इंजिनात प्रत्येक क्रँक आपल्या मूळच्याच १२ सिलिंडरचा भार घेतो. उलट व्हल्चरचं अपयश सांगतं की २४ सिलिंडर एका क्रँकवर आणण्यापेक्षा दोन क्रँक ठेवणं सुरक्षित.

सीप्लेन

एक तिसरा प्रकार राहिला. फियाट एएस-६: दोन व्ही-१२ एकामागे एक, पण क्रँक एकमेकांना जोडलेलेच नाहीत. प्रत्येक इंजिन आपापला प्रोपेलर फिरवतं, दोन्ही एकाच अक्षावर उलट दिशांनी. पिळाच्या कंपनांचा आणि भाराच्या वाटणीचा प्रश्नच मिटला. जोडलेली होती ती हवा: मागच्या इंजिनाच्या सुपरचार्जरमधून एका लांब नळीने दोन्ही इंजिनांना मिश्रण जायचं. नेमकी तिथेच अडचण आली. पूर्ण वेगात मिश्रण बिघडून नळीत बॅकफायर व्हायचे. टेस्ट बेडवर हे दिसत नव्हतं, कारण तिथे समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब नव्हता. तो दाब देऊन चाचण्या केल्या तेव्हा दुखणं सापडलं. २३ ऑक्टोबर १९३४ ला वैमानिक अजेल्लोने हेच इंजिन असलेल्या मक्की एमसी-७२ सीप्लेनवर ताशी ७०९ किलोमीटरचा विक्रम केला. दोन इंजिनांमध्ये जे सामायिक ठेवाल तेच आधी दगा देतं, हे मला या दोन्ही उदाहरणांत दिसतं: जर्मनांचा मॅनिफोल्ड, इटालियनांची इनटेक नळी.

उंचभरारी

दोन नॅसेलचा हट्ट मुळात का, हे कुणी मांडलं नाही. एक, कमी ड्रॅग (हवेचा विरोध). दोन, एवढ्या मोठ्या बॉम्बरने डाइव्ह मारावी ही जर्मन हवाई मंत्रालयाची अट, आणि डाइव्हमध्ये चार नॅसेलचा पंख नको होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये हाइन्केलने दोन नमुन्यांवर चार सुटी युमो २११ लावण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. डाइव्हची अट सुटली १५ सप्टेंबर १९४२ ला. चार सुट्या डीबी ६०३ चं १७७बी उडालं २० डिसेंबर १९४३ ला. तोवर फार उशीर झाला होता.

ड्रॅगचा हिशोबही पूर्ण जमला नाही. मूळ आराखड्यात पंखाच्या पृष्ठभागावर वाफ थंड करायची होती. ते सोडून द्यावं लागलं आणि नॅसेलच्या तोंडाशी मोठे रेडिएटर आले. इंजिनं जोडली म्हणून उष्णता कमी होत नाही, २,७०० अश्वशक्तीला लागणारा रेडिएटर तेवढाच लागतो.

गिअरट्रेन

उंचभरारी, डाइव्हची अट हा तर माझ्या बाजूचा मुद्दा: इंजिनाला त्या अटीने अडचणीच्या घरात ढकललं. सीप्लेन यांचं निरीक्षण मात्र मला पटतं. मग जोड-इंजिन करायचंच तर माझी यादी अशी: क्रँककेस एकच ओतलेली, आतल्या बँकांचं सिलिंडर हेड उलटवून इनटेक आत आणि एक्झॉस्ट बाहेर, प्रत्येक अर्ध्याला स्वतंत्र तेलाची टाकी आणि हवा काढणारा सेंट्रिफ्यूज, मागे पूर्ण फायरवॉल, आणि तिच्यापासून स्परपर्यंत हात जाईल एवढी जागा.

रिंगस्पॅनर

हेड उलटवलं की चारही बँकांचे एक्झॉस्ट बाहेर येत नाहीत. आतल्या बँकेची ‘बाहेरची’ बाजू म्हणजे तिच्याच व्ही ची आतली सांद, आणि डीबी च्या उलट्या व्ही मध्ये तिथे इंजेक्टर आणि त्यांच्या नळ्या बसतात. म्हणजे जळतं एक्झॉस्ट इंधनाच्या नळ्यांशेजारी आणावं लागेल. तुमच्या यादीतलं हे एक कलम सोडवायला नवं हेड, नवा कॅम, नवी इंधन नळी लागेल, आणि मग ‘तयार भाग वापरले’ हा फायदाच हातातून गेला.