मदत हवी आहे: एका कानाचा उपचार आणि मेडिक्लेम

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. गालगुंडानंतर आमच्या ह्यांचा डावा कान पार गेला, उजवा ठणठणीत. राजवाड्याच्या गर्दीत हॉर्न कुठून वाजला तेच त्यांना कळत नाही. (मी डावीकडून काम सांगितलं की मात्र बहिरेपण भलतंच सोयीचं!)

डॉक्टरांनी सुचवलंय: क्रॉस यंत्र, म्हणजे डावीकडचा आवाज बिनतारी उजव्या कानात, हाडातून आवाज पोचवणारं बाहा, नाहीतर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र. विमा कंपनी म्हणते, श्रवणयंत्र बाहेरून लावायचं, पॉलिसीत बसत नाही. अहो, पण बाहाचा स्क्रू ऑपरेशन करून कवटीत बसवतात, त्याचं काय?

असा क्लेम कुणाला मिळालाय का? डॉक्टरांच्या पत्रात नेमकं काय लिहून घेऊ? लेखी नकार आलाच तर भोपाळच्या विमा लोकपालांकडे जायची तयारी आहे. क्रॉस वापरणाऱ्यांनीही सांगा, मला आधी तेच लावून बघावंसं वाटतंय.