सोडिअमचा इलेक्ट्रॉन काढणे तोट्याचे असूनही आयनिक बंध का तयार होतो?

प्रश्न:
सोडिअमच्या अणूमधून इलेक्ट्रॉन काढण्यासाठी प्रतिमोल ४९६ किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते, आणि तो क्लोरीनने स्वीकारल्यावर केवळ ३४९ किलोज्यूल परत मिळते. असे असताना ‘अष्टक (सर्वांत बाहेरच्या कक्षेतील आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करण्यासाठी अणू इलेक्ट्रॉन देतात-घेतात’ हे स्पष्टीकरण पुरेसे कसे मानावे? आयनिक बंधाला, म्हणजे विरुद्ध प्रभारांच्या आयनांमधील आकर्षणाने तयार होणाऱ्या बंधाला, नेमके कोणते घटक अनुकूल ठरतात?

उत्तर १:
अष्टकाचा नियम कोणता आयन तयार होईल हे बहुधा बरोबर सांगतो, त्यामागचे कारण मात्र सांगत नाही. तोटा आपण मांडला आहे त्याहूनही मोठा आहे, कारण घन सोडिअमचे सुटे अणू करण्यासाठी १०७ आणि क्लोरीनचे रेणू फोडून एक मोल अणू मिळवण्यासाठी सुमारे १२२ किलोज्यूल लागतात. म्हणजे एकूण तूट ३७६ किलोज्यूल झाली. ती भरून निघते स्फटिक तयार होताना. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम आयन अशी रचना होते, तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल जालक ऊर्जा बाहेर पडते आणि ४११ किलोज्यूल शिल्लक राहते. धातूची कमी आयनीकरण ऊर्जा (इलेक्ट्रॉन काढण्यासाठी लागणारी ऊर्जा) आणि अधातूची अधिक इलेक्ट्रॉन आसक्ती (इलेक्ट्रॉन स्वीकारताना मिळणारी ऊर्जा) यांमुळे तूट आटोक्यात राहते, परंतु निर्णायक ठरते ती जालक ऊर्जा. आयनांवरील प्रभार जितका अधिक आणि त्यांच्यातील अंतर जितके कमी, तितकी ती वाढते. ऑक्सिजनला दुसरा इलेक्ट्रॉन अक्षरशः बळजबरीने द्यावा लागतो, तरीही मॅग्नेशिअम ऑक्साइड अत्यंत स्थिर आहे, कारण त्याची जालक ऊर्जा ३,८०० किलोज्यूलच्या आसपास आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग प्रभार वाढेल तसा बंध अधिक आयनिक होतो, असे म्हणता येईल का?

उत्तर २:
नाही. रसायनशास्त्रज्ञ फायान्स यांनी १९२३ मध्ये मांडलेल्या नियमांनुसार लहान आणि अधिक प्रभाराचा धन आयन मोठ्या ऋण आयनाचा इलेक्ट्रॉन मेघ आपल्याकडे ओढून विरूप करतो, आणि बंधाला सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेण्याचे) स्वरूप येऊ लागते. अ‍ॅल्युमिनिअम क्लोराइड सुमारे १८० अंश सेल्सिअसलाच संप्लवित होते, म्हणजे न वितळता थेट वायुरूप होते; हे सहसंयुज स्वरूपाचेच लक्षण. त्याच धातूच्या फ्लोराइडला मात्र १,२०० अंशांहून अधिक तापमान लागते, कारण लहानसा फ्लोराइड आयन सहज विरूप होत नाही.

उत्तर ३:
विद्युत ऋणतेतील (बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या अणूच्या क्षमतेतील) फरक १.७ हून अधिक असेल तर बंध आयनिक, या ढोबळ नियमावरही फार विसंबू नये. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये हा फरक सुमारे १.८ असूनही त्याचे रेणू सहसंयुज आहेत. उलट सोडिअम हायड्राइडमध्ये तो १.३ च्या आसपास असूनही ते संयुग आयनिक आहे.