खग्रास ग्रहण बघायला लक्सरपर्यंत जावं का? पुण्यात खंडग्रास दिसणारच आहे

टेकडीवाली
2 ऑगस्ट 2027 ला खग्रास सूर्यग्रहण आहे ना, इजिप्तमधे लक्सरला सहा मिनिटांच्या वर खग्रास असणार आहे. माझ्या फार मनात आहे जायचं, आई (वय 68) पण येते म्हणतीये. नवऱ्याचं म्हणणं, पुण्यातून खंडग्रास दिसणारे, गच्चीतून चष्मा लावून बघू, एवढा खर्च कशाला. आम्ही 2022 चं दिवाळीतलं वेताळ टेकडीवरून बघितलं होतं, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचं, सूर्य ग्रस्तच मावळला, छान वाटलं, पण लोक जे सांगतात की अंगावर काटा आला, रडू आलं, तसं काही नाही झालं. ज्यांनी खरंच खग्रास बघितलंय त्यांनी सांगा ना, एवढा फरक असतो का? आणि आईला नेऊ का? तिच्या लहानपणी वेध लागले की जेवण बंद, ग्रहण सुटेपर्यंत खिडकीसुद्धा उघडू द्यायचे नाहीत, म्हणून तिला एकदा उघड्यावर उभं राहून बघायचंय.

बाणेरचा_पक्या
ताई, जा. मी 8 एप्रिल 2024 ला डॅलसमधे होतो. तासभर खंडग्रास चालू होतं, चष्म्यातून सूर्याची कोर बारीक होत जाताना बघत होतो आणि तोपर्यंत वाटत होतं की हे तर आपण पुण्यातही बघितलंय. शेवटची दहा मिनिटं मात्र सगळंच बदललं. उजेड कमी होतो पण संध्याकाळसारखा पिवळट नाही होत, राखाडी होतो, जणू कुणी दिव्याचा डिमर फिरवतंय, आणि आपली सावली इतकी धारदार पडते की हातावरचे केससुद्धा जमिनीवर दिसतात. झाडाखाली पानांच्या फटींतून शेकडो चंद्रकोरी पडलेल्या. हवा गार झाली. रस्त्यावरचे दिवे लागले. मग हिऱ्याची अंगठी, म्हणजे कडेला उरलेला सूर्याचा शेवटचा लखलखता ठिपका, तो विझल्यावर चष्मे काढले आणि वर जे होतं त्याला सूर्य म्हणवत नाही हो, काळीभोर तबकडी आणि चारी बाजूंनी पांढरे तंतू. खालच्या कडेला गुलाबी ठिपका, ती सौरज्वाला, नुसत्या डोळ्यांनी दिसत होती! शुक्र भर दुपारी लखलखीत. आणि क्षितिजावर सगळीकडे, म्हणजे पूर्व पश्चिम उत्तर दक्षिण, एकाच वेळी सूर्यास्ताचा रंग.

लोकांचं म्हणाल तर काही जण ओरडले, टाळ्या वाजल्या, आमच्या ग्रुपमधली सगळ्यात बडबडी मुलगी एक शब्द न बोलता रडत होती. मी पावणेचार मिनिटं तोंड उघडं ठेवून उभा होतो. मोबाईल खिशातच राहू द्या, फोटो जगभरातले लोक काढतात, त्यातला एखादा नंतर बघता येतो.

खगोलवेडी
फरक का पडतो ते सांगते. भर दिवसाचा सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा साधारण चार लाख पट तेजस्वी असतो. करोनाचं, म्हणजे काळ्या तबकडीभोवती दिसणाऱ्या त्या पांढऱ्या प्रभेचं, तेज साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढं, बऱ्याचदा कमीच. म्हणजे 99 टक्के सूर्य झाकला तरी उरलेल्या एका टक्क्यात काही हजार पौर्णिमेचे चंद्र उरतात, करोना कसा दिसणार? त्यामुळे 99 टक्के ग्रहण बघितलं म्हणजे खग्रासच्या जवळ गेलो असं अजिबात नाही. आणि आपल्याकडे 2027 ला खंडग्रासच, तेसुद्धा ऐन ऑगस्टात दुपारी उशिरा, पुण्यातल्या ढगांवर किती भरवसा ठेवायचा तुम्हीच ठरवा.

चष्मा आयएसओ 12312-2 वाला (सूर्याकडे बघायच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) घ्या, किंवा 14 नंबरची वेल्डिंगची काच. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, पाण्यातलं प्रतिबिंब हे नकोच, डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, इजा होते तेव्हा काही जाणवत नाही. फक्त खग्रासच्या त्या मिनिटांत चष्मा काढायचा, पहिला किरण दिसला की लगेच लावायचा.

जुना_शनिवारपेठी
16 फेब्रुवारी 1980. आम्ही मित्र मद्रासच्या गाडीने रायचूरला गेलो होतो. घरून विरोध होता, आजी तर बोलेनाशी झाली होती. पुण्यात त्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं असं घरच्यांनी नंतर सांगितलं, लोक दारं लावून आत बसलेले. रायचूरला आम्ही मैदानात पांढरी चादर अंथरली होती, खग्रासच्या जरा आधी तिच्यावरून सावल्यांच्या पट्ट्या सळसळत गेल्या, तो प्रकार मला करोनापेक्षाही जास्त आठवतो. कावळे झाडांकडे परतले. ग्रहण सुटल्यावर जवळच्या वस्तीतून "दे दान सुटे गिरान" सारखीच आरोळी कानडीत ऐकू आली.

टेकडीवाली, तुमच्या आईंचं वाक्य वाचून मला फार बरं वाटलं. त्या पिढीतल्या बायकांना, त्यातून पोटुशी असेल तर विचारूच नका, ग्रहण म्हणजे अंधारी खोली आणि विळीला हात लावायचा नाही एवढंच माहीत. त्यांना न्याच.

आणि एक, खग्रास बघायला लांब जायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. 22 जानेवारी 1898 ला खग्रासचा पट्टा कोकणातून वर येऊन सोलापूरच्या बाजूने गेला होता. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले (आजचं सीओईपी) खगोलशास्त्राचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला तेव्हा दुर्बिणी घेऊन जेऊरला गेले होते, पुणे-सोलापूर लाइनवरचं जेऊर. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची माणसंही तिथेच, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला. सगळ्यांना मिळाली जेमतेम दोन मिनिटं!

सुरतला_गेलेला
दुसरी बाजू पण सांगतो. 22 जुलै 2009 ला आम्ही गाडी करून सुरतच्या बाजूला गेलो आणि पूर्ण ढग. सकाळी सहा वीसच्या सुमाराला दोन-तीन मिनिटं गडद अंधार झाला, पक्षी एकदम गप्प, मग परत उजाडलं. करोना नाही दिसला. तरी मला ते वाया गेलं असं वाटत नाही, सावली अंगावरून गेली हे कळतं. पण पैसे खर्च करून जाताय तर जागा कोरड्या हवेचीच निवडा, त्या हिशोबाने लक्सर एकदम बरोबर.

टेकडीवाली
सगळ्यांचे मनापासून आभार, पक्याचं आणि काकांचं उत्तर आईला वाचून दाखवलं, तिने चादरीचं ऐकून लगेच विचारलं की आपणही नेऊया का. नवरा अजून विचार करतोय. उन्हाचं काय पण?

खगोलवेडी
ऊन ही खरी काळजी आहे. लक्सरला ऑगस्टात चाळिशीच्या वर तापमान जातं आणि खग्रास तिथल्या दुपारी एकच्या सुमाराला, सूर्य जवळजवळ डोक्यावर. त्यामुळे आईंना मैदानात तीन तास उभं करू नका, आधीचं खंडग्रास सावलीत बसून अधूनमधून बघा, शेवटच्या पंधरा मिनिटांना बाहेर या. खुर्ची मागे रेलणारी घ्या, नाहीतर मान भरून येते. ओआरएस ठेवा. त्यांना हे झेपणार नाही वाटलं तर स्पेनचं दक्षिण टोक बघा, तारिफाच्या बाजूला खग्रास चार मिनिटांच्या वर आहे, वेळ सकाळची आणि समुद्राचा वारा. चादर नक्की न्या, पांढरीच. चष्म्यांसाठी टिळक स्मारकमधे ज्योतिर्विद्या परिसंस्थेत (पुण्यातली हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था) विचारून बघा, आणि हॉटेलचं बुकिंग मात्र आत्तापासूनच बघायला लागा, जगभरातून लोक तिथेच येणार आहेत.