शब्दचर्चा: समोर कुणी बसलंच नसेल, तर 'व्यक्तिचित्र' म्हणावं का?

मथळेकर: चिनी तैलचित्रांच्या एका पुस्तिकेचे मथळे मराठीत करायचे आहेत. विषय ठरलेला: छिंगकाळातल्या (चीनच्या शेवटच्या, मांचू राजघराण्याच्या काळातल्या) पोशाखातली तरुण स्त्री, हातात पंखा नाहीतर पिपा हे चिनी तंतुवाद्य, मागे काळोख, नजर कुठेतरी लांब. चित्रकार छन यीफेई यांच्या अशाच वादक स्त्रियांच्या चित्राला 1991 मध्ये हाँगकाँगच्या लिलावात 13 लाखांहून जास्त हाँगकाँग डॉलर मिळाले. ती ही शैली. मुळात 'पोर्ट्रेट' आहे, म्हणून 'व्यक्तिचित्र' लिहिलं. संपादक म्हणतात 'सुंदरीचित्र' करा. वर 'रोमँटिक'साठी 'स्वच्छंदतावादी' हवंय त्यांना. खिडकीशी मान खाली घालून बसलेल्या बाईत स्वच्छंद काय आहे?

तिरकी रेघ: संपादकांचं बरोबर आहे. चिनी परंपरेत हे दोन प्रकार वेगळेच मानतात. पूर्वजाचं किंवा राणीचं चित्र म्हणजे अमुक एका व्यक्तीचं. 'मेइरेन' म्हणजे नुसती सुंदरी, तिला नावगाव नसतं. बीजिंगच्या राजवाड्यातल्या 12 सुंदरींचंच बघा. प्रत्येक चित्र रेशमावर, जवळपास 184 सेंमी उंच आणि 98 रुंद. छिंग सम्राट योंगचेंग गादीवर येण्याआधीच्या काळातली, त्याच्या वाचनकक्षातल्या पडद्यावरची. या त्याच्या राण्याच, असं बराच काळ समजत होते. मग 1732 ची दफ्तरातली नोंद सापडली. त्यात 'रेशमावरची सुंदरींची 12 चित्रं' एवढंच लिहिलंय. राण्या असत्या तर कारकुनाची असं लिहायची छाती झाली नसती.

उलट लांग शिनिंग, म्हणजे छिंग दरबारातला चित्रकार, इटलीचा जेझुइट धर्मप्रचारक कास्तिल्योने, यांच्या नावावरचा 1736 चा पट घ्या. त्यात सम्राट छ्येनलोंग, सम्राज्ञी आणि इतर राण्या ओळीनं आहेत, शेजारी ज्याची त्याची पदवी. ती खरी व्यक्तिचित्रं.

जुनं दफ्तर: 'व्यक्तिचित्र' म्हटलं की मराठी वाचकाला आधी कथासंग्रह आठवतो. आपल्याकडे 'शबी' हा नेमका शब्द होता, हुबेहूब उतरवलेली ती शबी. आणि जी कुणा एकीची शबी नाही, ती नुसती 'तसबीर'.

मथळेकर: तसबीर म्हणजे चौकट, काच आणि वर हार. नको.

जुनं दफ्तर: हार तुम्ही घातलात. शब्दाचा काय दोष?

घुंडी: 'शबी की सुंदरी' चालू द्या, पण त्याआधी मथळ्यात 'मांचू पोशाख' लिहिलाय तो खरा आहे का ते बघा. त्या 12 सुंदरी तर हान, म्हणजे बहुसंख्य चिनी लोकांच्या, पोशाखात आहेत! मांचू राजपुत्राच्या पडद्यावर हान बायका, ही गंमत तिथंच सुरू झाली.

कसं ओळखायचं: मांचू स्त्रीचा पोशाख सहसा एकसंध, खांद्यापासून पायापर्यंत. हान स्त्रीचा दोन तुकड्यांत, वर आखूड-लांब डगला आणि खाली घागरा. मग कान. मांचू रिवाजात एका कानाला तीन डूल. पुढे एकावर भागवायला लागल्या, तर 1775 मध्ये छ्येनलोंगनं त्यावर ताकीद दिली. मांचू स्त्रीचे पाय बांधलेले नसतात. बुटाचा लाकडी ठोकळा टाचेखाली नसतो, तळव्याच्या बरोबर मध्ये असतो, सहसा 5 ते 15 सेंमी. आताचे चित्रकार इथं हमखास फसतात. झगा जमिनीपर्यंत रंगवतात, पण गुडघ्याची चुणी ठोकळ्याइतकी वर घ्यायला विसरतात. बाई खड्ड्यात उभी असल्यासारखी दिसते.

आणि गळा. झग्याला जोडलेली उभी कॉलर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. त्याआधी गळ्याभोवती वेगळी पांढरी पट्टी गुंडाळत. डोक्यावर पंख्यासारखा पसरलेला काळ्या साटिनचा मोठा आडवा साजही तेव्हाचाच. 'अठराव्या शतकातली राजकन्या' या मथळ्याखाली ही दोन्ही दिसली, तर मथळा चुकलाय.

शुद्धमती: 'झगा' का म्हणता? 'झगा मगा मला बघा' कानावर आलेल्या वाचकाला ती बाई नटवी वाटणार. 'अंगरखा' म्हणा.

घुंडी: अंगरख्याला बंद असतात. इथं उजव्या काखेकडे वळणारा पदर आहे आणि कापडाच्या घुंड्या फासात अडकवल्यात. झगाच बरा.

जुनं दफ्तर: झगमगतो तो झगा, अशी व्युत्पत्ती असावी.

शुद्धमती: असावी म्हणजे? कोशाचा आधार द्या.

तिरकी रेघ: झगमग चित्रात कशी येते ते बघा, त्यात 'रोमँटिक'चंही उत्तर आहे. छिंग दरबाराला चेहऱ्यावर सावली चालत नसे. कास्तिल्योनेंनाही प्रकाश समोरून घेऊन चेहरे सपाट उजळ ठेवावे लागले. आताची तैलचित्रं बरोबर उलट करतात: एका बाजूनं प्रकाश, अर्धा गाल अंधारात. हा काळोख युरोपचा, कपडे तेवढे चिनी.

कापडाचंही तसंच. साटिनवरचा उजेड अरुंद आणि कडेला धारदार हवा. आधी भरतकाम विसरून नुसत्या चुण्या पूर्ण करायच्या, रंग वाळू द्यायचा, मग फुलं काढायची. चुणीवर फूल तुटलं पाहिजे, पाकळी आत गेली पाहिजे. सावलीतला पांढरा दोरा पांढरा राहत नाही, करडा होतो. स्टेन्सिल मारल्यासारखी सलग फुलं आली की रेशमाचा पत्रा होतो. डोक्यावरचं साटिन तयार काळ्यानं भरलं तर तिथं भोक दिसतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून काळा करा. एवढं सगळं जमवलेल्या चित्राला 'स्वप्नरंजित' म्हणा, नाहीतर सरळ 'रोमँटिक'च ठेवा.

शुद्धमती: चीनच्या रेशमाला कालिदासाचं 'चीनांशुक' आहे. ते सोडून साटिन कशाला?

घुंडी: कारण चीनांशुक कुठल्याही चिनी रेशमाला चालतं. साटिन ही वीण आहे. भरजरी विणलेलं असेल तर 'किनखाप' म्हणा, भरलेलं असेल तर 'भरतकाम'. दोन्हींत घोळ नको.

मथळेकर: मग 'मांचू वेशातील सुंदरी' करतो, 'चित्र' शब्दच टाळतो. आता छिंग, चिंग की क्विंग? आणि त्या चिनी झग्याचं नाव छीपाओ की चीपाव?

तिरकी रेघ: 'क्विंग' रोमन अक्षर बघून झालंय, ते सोडा. उच्चार छ कडे जातो. तुमच्या दुसऱ्या शब्दातलं 'छी' म्हणजे निशाण, मांचूंच्या आठ निशाणांपैकी (त्यांच्या लष्करी तुकड्या या निशाणांवरून ओळखल्या जात). उच्चाराला 'छीफाओ' जवळचं, पण आपण फ ओठ-दातानं म्हणतो, म्हणून 'छीपाओ'.

जुनं दफ्तर: निशाण म्हणजे निशाण, मग 'निशाणझगा' का नको?

घुंडी: कारण छीपाओ म्हणून लोक ओळखतात तो अंगासरशी पोशाख 1920 नंतरच्या शांघायचा. तुमच्या निशाणझग्यात छिंग आणि शांघाय हे दोन्ही काळ एकत्र शिवले जातील.

जुनं दफ्तर: 'झंपर'वर कुणी असा आक्षेप घेतला नव्हता.

शुद्धमती: झंपर इंग्रजीतून आला. त्याचा इथं काय संबंध?