सहा आठवड्यांत स्पर्धेत उतरेल असा साधा रोबो कसा बांधावा?

नौपाडेकर_पालक:
फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबो-स्पर्धेत उतरणाऱ्या, ठाण्यातील नववी-दहावीच्या सात मुलांच्या संघाला मी सुट्टीच्या दिवशी मदत करते. माझी नोकरी मात्र बँकेतली आहे. मुलांनी तीन टप्प्यांची सरकती स्लाइड, फिरता हात आणि पंजा असा रोबो आखला. स्लाइड वारंवार अडकते, पंजातून वस्तू निसटते आणि सरावाच्या सामन्यात रोबो मध्येच बंद पडतो. सहा आठवडे उरले आहेत. दुरुस्ती करत राहावी की नव्याने बांधणी करावी?

वागळे_वर्कशॉप:
नव्याने बांधावा, आणि सुरुवात चाकांपासून करावी. स्लाइडच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचा ताण सारखा नसला की ती तिरपी होऊन अडकते, आणि तो ताण दर सामन्याआधी जुळवत बसणे नवख्या संघाला झेपत नाही. त्याऐवजी एकाच सांध्यावर फिरणारा हात घ्यावा आणि त्याच्या फिरण्याच्या दोन्ही टोकांना आडकाठी बसवावी. पंजा वस्तूच्या नेमका समोर न्यावा लागतो. रबरी चाकांचा रुंद रोलर असेल तर चालकाचा नेम थोडा चुकला तरी वस्तू आत ओढली जाते. वेगाचा हिशेब मुलांकडूनच करवून घ्या. ९६ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ३० सेंटिमीटर भरतो, म्हणजे मिनिटाला ३१२ फेरे देणाऱ्या मोटरवर रोबो कागदावर तरी सेकंदाला दीड मीटरच्या थोडे पुढे जाईल. मैदान १२ फूट लांब आहे, त्यामुळे अधिक वेगाचा मोह कशाला? पहिल्या दोन आठवड्यांत रोबो धावू लागला, तर उरलेला वेळ चालकांच्या सरावाला मिळेल, आणि माझ्या अनुभवात सामने तिथेच जिंकले जातात.

ऐरोली_वायरमन:
वरील सल्ला मान्य आहे, पण बंद पडण्याचे कारण शोधले नाही तर तोच दोष नव्या रोबोतही येईल. बॅटरीचा कनेक्टर आणि मुख्य स्विच आधी तपासा. रोबो चालू ठेवून प्रत्येक वायर हाताने हलवा. कोणत्या वायरीला हात लागताच दिवे विझतात ते पाहा. हलणाऱ्या हाताजवळ वायरीला थोडी ढील ठेवून ती चौकटीला बांधावी. जुनी बॅटरी नुसती मोजली तर १२ व्होल्ट दाखवते, पण चारही मोटरी एकदम जोर लावू लागल्या की कोसळते, म्हणून ती भाराखालीच मोजावी.

वाशी_माजीचालक:
स्लाइड काढण्याचा निर्णय मोठ्यांनी लादू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आमच्या वेळी असे झाले आणि दोन मुले येईनाशी झाली. फळ्यावर प्रत्येक कामाचे गुण आणि त्याला सरावात लागलेले सेकंद लिहा, आणि गुणांना सेकंदांनी भागा. मुलांना पुढचे आपोआप दिसेल. सुरुवातीच्या ३० सेकंदांच्या स्वयंचलित भागात काय केल्याने गुण मिळतात तेही यंदाच्या नियमपुस्तिकेत पाहा, कारण केवळ जागेवरून हलण्याचेही गुण अनेक हंगामांत असतात.

नौपाडेकर_पालक:
सर्वांचे आभार. वायरी हलवून पाहिल्यावर मुख्य स्विचची एक पिन सैल निघाली. फळ्यावरचा भागाकार पाहून ज्या मुलाने स्लाइड आखली होती, त्यानेच ती उतरवायला घेतली. रोलरसाठीचा पत्रा वागळे इस्टेटमध्ये कापून मिळेल का, हे मात्र कळवावे.

वागळे_वर्कशॉप:
मिळेल. मुलांना आधी पुठ्ठ्याचा नमुना बसवून पाहायला सांगा आणि तोच घेऊन या. सामना सुरू होताना रोबो नियमाप्रमाणे १८ इंचांच्या घनात मावतो की नाही, तेही त्यातच कळेल.