शब्दचर्चा : ‘इमोशनल अँड स्पिरिच्युअल वेलबीइंग’ मराठीत कसं विचाराल?

विचारणा, फोंडा

नमस्कार. कोविडच्या काळात मधुमेह असलेल्या माणसांच्या मनाचं काय झालं, त्यांना कशाचा आधार वाटला, हे त्यांच्याच तोंडून ऐकून एक पुस्तिका काढायचं आम्ही काही जणींनी ठरवलं आहे. १४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनाला ती हातात यावी अशी इच्छा आहे. गोव्यात हा चार घरांपुरता विषय नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं आणि गोव्यात २६.४, सगळ्या राज्यांत जास्त.

प्रश्नावली इंग्रजीतून आली आहे. शीर्षकातल्या शब्दांना ‘भावनिक व आध्यात्मिक कल्याण’ हा प्रतिशब्द समोर येतो, पण ‘कल्याण’ आता खात्यांच्या आणि योजनांच्या नावांत जाऊन बसलं आहे. ‘माझं कल्याण हल्ली ठीक नाही’ असं कोणी म्हणत नाही. ‘पँडेमिक’ला महामारी म्हणावं की आणखी काही? आणि ‘डिस्ट्रेस’ला?

डिचोली (निवृत्त मराठी शिक्षक)

ताई, ‘पँडेमिक’ला ‘महासाथ’ लिहा. ‘महामारी’ मराठीला परकी नाही, पण त्यात आधी मरण ऐकू येतं. ‘सहव्याधी असलेल्यांना धोका जास्त’ हे वाक्य ज्यांनी २०२० च्या मार्चपासून रोज सकाळ-संध्याकाळ ऐकलं, त्यांच्या हाती पुन्हा तोच शब्द देऊ नये असं मला मनापासून वाटतं. बोलण्यात तर नुसतं ‘साथीच्या वेळी’ पुरतं.

‘वेलबीइंग’साठी ‘स्वास्थ्य’ जुना आणि नेमका शब्द आहे. सुश्रुताने स्वस्थ माणसाचं लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू यांच्यावर न थांबता ‘प्रसन्नात्मेन्द्रियमनाः’ म्हटलं. आत्मा, इंद्रियं आणि मन, तिन्ही प्रसन्न हवीत. तो अर्थ आपल्या बोलण्यात अजून जिवंत आहे. ‘जिवाला स्वास्थ्य नाही’ म्हणणारी बाई ताप-खोकल्याबद्दल बोलत नसते. मुखपृष्ठावर ‘मनाचं स्वास्थ्य’ चालेल.

प्रश्नात मात्र ‘बरं’ ठेवा. आपल्याकडे आभार मानतानाही ‘देव बरें करूं’ म्हणतात. ‘बरें मू?’ (बरं आहे ना?) असं विचारलं की माणूस थांबून उत्तर देतो.

मडगाव (परिचारिका)

सरांचं पटलं. ‘डिस्ट्रेस’बद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण त्या दिवसांत फोनवरून रुग्णांची चौकशी करायचं काम माझ्याकडे होतं.

‘तणाव आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘नाही’ म्हणायचे. ‘झोप लागते का, जेवण जातं का’ विचारलं की बोलायला लागायचे. आणि एक शब्द सारखा कानावर पडायचा, ‘घाबरं होतंय’. या शब्दापाशी फार जपून राहावं लागतं. जीव घाबरा होतो तो भीतीने, आणि रक्तातली साखर उतरली तरीही. घाम, थरथर, छातीत धडधड, दोन्हीकडे तेच. एका संध्याकाळी एक बाई म्हणाल्या, “सिस्टर, बातम्या बघून घाबरं झालंय.” मी म्हटलं, आधी बोट टोचून साखर बघा. ५८ निघाली. ७०च्या खाली म्हणजे लगेच उपाय हवा. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घ्यायला लावली आणि पंधरा मिनिटं फोन चालू ठेवला. पुन्हा तपासली तेव्हा ८४ होती. मग त्या रडल्या. मुलगा बोटीवर अडकलेला, घरात दुसरं कोणी नाही, इन्शुलिन घेतलं पण घास उतरेना. साखर उतरली होती हे खरं आणि त्या घाबरल्या होत्या हेही खरं. तेव्हा पुस्तिकेत ‘घाबरं होणं’ आलं की शेजारीच ‘आधी साखर तपासा’ छापाच, ही माझी कळकळीची विनंती.

उलटही होतं. सततच्या काळजीने शरीरात कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनलिन वाढतं, यकृत जास्त साखर सोडतं, आणि नीट पथ्य पाळणाऱ्याचाही आकडा चढतो. कोविडच्या उपचारात स्टिरॉइड मिळालेल्या कितीतरी जणांची साखर भराभर वाढली. ‘माझंच पथ्य मोडलं असेल’ म्हणून ते स्वतःला दोष देत बसले. औषधाने वाढली आहे, हे कोणी समजावून सांगितलं की आवाज बदलायचा त्यांचा.

आता शब्द. ‘डिस्ट्रेस’ला एकच प्रतिशब्द शोधू नका. साथीचा धसका होता, एखाद्या बातमीने बसलेला. मधुमेहाचा जाच असतो: मोजून खा, गोळीची वेळ पाळा, बोट टोचा, चवथीला नेवऱ्यांचं (करंज्यांचं) ताट पुढे आलं की घरभर नजरा आपल्यावर. तो साथीच्या आधी होता आणि नंतरही राहिला. १९९५ साली अमेरिकेत वीस प्रश्नांची एक मोजपट्टी तयार झाली ती याच जाचासाठी. आणि घोर लागतो तो दुसऱ्याचा, बोटीवरच्या मुलाचा. तिन्ही वेगळे विचारलेत तर तिन्हींची उत्तरं मिळतील. मात्र दोन आठवड्यांहून जास्त कशातच मन लागत नसेल, तर त्याला जाच म्हणून सोडून देऊ नये. तो नैराश्याचा आजार असू शकतो, डॉक्टरांकडे जायला हवं.

आणखी एक. आम्ही सांगतो ‘पथ्य मनावर घ्या’, आणि माणूस मनाला लावून घेतो. मराठीत दोन्ही वाक्प्रचार आयते आहेत. सल्ला देणाऱ्याने दोन्ही एका दमात सांगावेत: मनावर घ्या, मनाला लावून घेऊ नका.

पेडणे

‘आध्यात्मिक’ माझ्या वडिलांना विचारलंत तर ते म्हणतील, आम्ही कसले अध्यात्मवाले! पण आयुष्यभर त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं आहे. देऊळ बंद होतं तेव्हा अंगणात तुळशीपुढे उभं राहून घालायचे: बा देवा म्हाराजा, घरच्यांना सांभाळ, ही साथ सीमेपार कर. त्यात स्वतःच्या साखरेचंही नाव असायचं. डॉक्टरांना जे कधी सांगितलं नाही ते आम्ही दारातून ऐकलं. पाय बधिर होतात हे घरात पहिल्यांदा कळलं ते त्या गाऱ्हाण्यातून, आणि मग तपासणी झाली. तक्रार आणि प्रार्थना एकाच शब्दात, हे आपल्या भाषेचं देणं आहे. ‘तुम्ही देवाकडे काय गाऱ्हाणं घातलंत?’ असा प्रश्न ठेवून बघा.

वास्को

प्रश्न फक्त देवळापुरता ठेवू नका. माझ्या ख्रिस्ती शेजारणीने त्या वर्षी लदीन, म्हणजे त्यांची सामुदायिक प्रार्थना, घरातल्या घरात म्हटलं आणि तिला त्याचाच आधार होता. ‘तुमची श्रद्धा असेल तिथे’ असं लिहिलं तर ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनाही वाट राहते. आमच्या इथला दामोदराचा भजनी सप्ताह साथीच्याच दिवसांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जांबावलीहून आणलेल्या नारळाने सुरू झाला असं सांगतात. २०२० साली त्याच सप्ताहाला जाता आलं नाही. आईला औषध चुकल्याचं जितकं लागलं नाही तितकं हे लागलं.

मडगाव

गाऱ्हाण्याचा प्रश्न फार चांगला. त्याला जोडून उपासाचं विचारा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना साथ जावी म्हणून कडक उपास केलेले लोक मला माहीत आहेत. मोडा म्हणू नका, ‘डॉक्टरांना विचारून करता का?’ एवढं विचारा.

फोंडा

सगळ्यांना देव बरें करूं. सुरुवात अशी करते:

१. साथीच्या वेळी तुम्हाला बरं वाटत होतं का? झोप, जेवण कसं होतं?
२. कशाचा धसका बसला होता? मधुमेहाचा कोणता जाच तेव्हा वाढला?
३. कोणाचा घोर लागला होता?
४. तुमची श्रद्धा असेल तिथे तुम्ही काय गाऱ्हाणं घातलंत? श्रद्धा नसेल तर कोणापाशी मन मोकळं केलंत?

अजून एक शब्द अडला आहे. ‘केअरगिव्हर’ला ‘काळजीवाहू’ लिहिलं की लोकांना काळजीवाहू सरकार आठवतं.

डिचोली

‘घरचं माणूस’ लिहा. शेजारीण करत असली तरी तेच लिहा, ती हरकत घेणार नाही.